सुंदराच्या दारचे सव्वीस खांब

बोरी बुद्रुकच्या बहिरूला लाकूड दाखवायला न्यायचं म्हणजे आधी घरातल्या बायापोरांना आत पाठवायचं, हे पिंपळवंडीपासून आळ्यापर्यंत आता सगळ्यांना पाठ झालंय. माणूस वाईट नाही. कुंपण करून घ्यावं तर त्याच्याकडूनच. पण खड्डा खणायच्या आधी तो शिव्या देतो, आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

आळ्याच्या एका बागाईतदारानं एकदा टेम्पोभर निलगिरी आणून अंगणात उतरवली. सरळसोट, गोरीगोमटी लाकडं. बहिरूनं खाली बसून नखानं साल खरवडली. आत पांढरंफेक, ओलंकच्च. नखाला पाणी लागलं.

"ह्ये काय आनलंय? काकड्या?" तो ओरडला. "आवं, ही काल हुबी व्हती, आन् आज तुमी मातीत गाडाया निगालात! वाळवीला जेवान घालायचंय व्हय? मंग पत्रावळ्या बी मांडा की राव!"

बागाईतदार म्हणाला, रंग मारू की वरून, चांगला ऑइल पेंट मारू. झालं! बहिरूनं डोक्याचा पटका काढून जमिनीवर आपटला. ओल्या लाकडाला रंग मारायचा म्हणजे आतलं पाणी आतच कोंडायचं. वरून चकचकीत आणि आतून भुसा. लोकांना हे कळत नाही याचा त्याला राग नव्हता. सांगूनही कळत नाही, याचा होता. आणि राग आला की तो दहा जणांत सांगायचा, त्यामुळे समोरच्याला पटलं तरी तसं म्हणता यायचं नाही. त्या दिवशी तो काम सोडून पायी बोरीला परत आला.

आता तुम्ही म्हणाल, एका खांबापायी एवढा थयथयाट कशाला? तर त्यालाही कारण आहे. बहिरूचा जन्म मेंढरांच्या तळावरचा. दिवाळी झाली की ह्यांची बिऱ्हाडं माळशेजचा घाट उतरून खाली कोकणाच्या अंगाला जायची ती जेठातच वर यायची. रोज नवं रान, रोज नवा तळ. मेंढ्या कोंडायच्या त्या वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळ्यात, आणि जाळं उभं राहायचं ते लाकडी मेखांवर. बहिरू बारा वर्षांचा असताना त्यानं सोपं पडतं म्हणून सावरीच्या मऊ लाकडाच्या मेखा तासल्या होत्या. त्यातली एक मोडली, जाळं लोळलं, आणि उजाडल्यावर सात मेंढ्या कमी भरल्या. बाप, जानकू, मारकुटा माणूस. पण त्या दिवशी त्यानं हात उगारला नाही. मोडकी मेख पोराच्या नाकाशी धरली आणि म्हणाला, "वास घे." कुजक्या लाकडाचा तो वास बहिरूच्या डोक्यात जो बसला तो बसलाच. पुढं आयुष्यभर तो लाकूड आधी हुंगायचा आणि मग बोलायचा.

पन्नाशीला आला तेव्हा चरायला रानं उरली नव्हती. जिकडं तिकडं ऊस, द्राक्षं, टोमॅटो, आणि प्रत्येक बांधावर भांडण. बहिरूनं मेंढ्या विकल्या, बोरीच्या शिवेवर अर्ध्या एकराच्या तुकड्यात पत्र्याचं घर बांधलं आणि लोकांची कुंपणं घालायला लागला. घरात शिरताना बायकोला, सुंदराला, त्यानं दारातच सांगितलं, "ह्या दारापुढं तुला असं कुंपान घालून देतो, तुज्या नातवंडांनी बगत ऱ्हावं."

त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

अकरा वर्षांत बहिरूनं कुणाकुणाच्या बागा राखल्या! डॉक्टरची बाग, सोसायटीच्या चेअरमनची बाग, पुण्याहून शनिवार-रविवार येणाऱ्या पावण्यांच्या बागा. आणि सुंदराच्या परसबागेला मात्र बाभळीच्या काट्यांच्या फांद्यांचं कुंपण. तिथं तिचा वाल, मिरची, दोडका, कढीपत्ता, कडेला चार गोंड्याची रोपं. दर पावसाळ्यात काटं कुजायचं, दर दिवाळीला सुंदरा नवं ओढून आणायची. हात रक्ताळायचे. तरी एखादी शेळी वाट काढायचीच, आणि वर्षाआड रानडुकरं येऊन सगळं नांगरून जायची. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात, पण सोनाराच्याच बायकोचे कान बुजत चालले तर तिनं जायचं कुठं?

"अवंदा घालतो," बहिरू म्हणायचा.

"घाला घाला," सुंदरा म्हणायची. "मी काय मरायला टेकले न्हाई आजून."

शेवटी तीन वर्षांमागं एकदाचं त्यानं मनावर घेतलं. आणि घेतलं तेव्हा असं घेतलं की बघत राहावं. तीन बांध फिरून पाच जुन्या बाभळी निवडल्या, त्याही सरळ बुंध्याच्या. पान कमी असतं तेव्हा, माघातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात तोडल्या. चांदण्यातल्या लाकडाला भुंगा लागतो, असं जानकू म्हणायचा. ते खरं का खोटं देव जाणे, पण बहिरूनं कधी मोडलं नाही. चार दिवसांत साल सोलून काढली, कारण किडा राहतो तो सालीखाली. मग ओंडके जुन्या दगडखाणीच्या पाण्यात दगड ठेवून बुडवले, ते सहा महिने. पाण्याला असा वास सुटला की ग्रामपंचायतीचा माणूस नाकाला रुमाल लावून चौकशीला आला. बहिरूनं त्यालाच फैलावर घेतलं. "लाकडातला गोडवा पान्यात उतरतोय, म्हनून वास येतोय! किड्याला मंग खायला काय ऱ्हातंय? सांग तुज्या सरपंचाला!"

ओंडके काढून वखारीत चिरून आणले. कडेचं पांढरं लाकूड सगळं उडवलं, आतला काळपट तांबडा गाभा तेवढा ठेवला. त्याचे निघाले सव्वीस खांब. घराच्या मागच्या छपरात, सावलीत, दगडांवर उभे करून वर्षभर वाळवले. वाळल्यावर खालचं टोक जाळावर धरून नखभर काळं केलं, जमिनीच्या वर वीतभर राहील इतपत. खांब खोल मातीत सडत नाही. सडतो तो माती आणि वारा भेटतो तिथं, आणि हे सांगून सांगून बहिरूचा घसा बसला होता. लोकांच्या खांबांना तो आळेफाट्याच्या गॅरेजातलं जळकं ऑइल पाजायचा. पण हे खांब सुंदराच्या भाजीपाल्याला खेटून राहायचे. तिथं ऑइल नको, म्हणून उन्हाळाभर करंज्या वेचल्या, घाण्यावरून तेल काढून आणलं आणि खांब गरम असतानाच हातानं चोळून चोळून मुरवलं. माथे तिरके तासले, पाणी थांबू नये म्हणून.

सुंदरा येता-जाता त्या खांबांवरून हात फिरवायची. दिवाळी झाल्यावर, माती थोडी मऊ आहे तोवर रोवायचं ठरलं होतं. दिवाळी झाली, आणि सुंदरा आठ दिवसांसाठी लेकीकडं, रोहिणीकडं, घोडेगावला बारशाला गेली.

आणि त्याच आठ दिवसांत बहिरूनं ते केलं.

पिंपळवंडीचे चांगदेवशेठ म्हणजे मोठं खटलं. द्राक्षबाग, नवा बंगला, बंगल्यामागं हिरवळ आणि गुलाब. दोन वर्षांमागं त्यांनी दुसऱ्याच कुणाकडून त्या बागेला लाकडी कुंपण करून घेतलं होतं. स्वस्तातली ओली निलगिरी, वर पांढरा रंग. दोन पावसाळ्यांत ते गुडघ्यातून मोडलं. बहिरू त्या दिवशी तिथं गेला होता तो द्राक्षबागेच्या फाटकाचं माप घ्यायला. अंगणात दहा-बारा पावणेमंडळी चहा पीत बसलेली.

"नाना, फाटक लोखंडीच करू," चांगदेवशेठ म्हणाले. "आणि ह्या बागेला उद्या सिमेंटचे पोल येतायत. लाकडाचा नाद सोडला बाबा आपण."

"का?" बहिरू म्हणाला. एवढंच म्हणाला. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"का म्हणजे? बघा की समोर. लाकूड म्हटलं की सडणारच. मग ते बहिरूनानांनी रोवा नाहीतर ब्रह्मदेवानं रोवा." मंडळी हसली. एकजण म्हणाला, "नानांनीच रोवलेलं दिसतंय!" आणि चांगदेवशेठ नाही म्हणाले नाहीत. नुसते हसले. अहो, नाही एवढं म्हणायला काय जात होतं त्यांचं? जीभ काय झिजत होती?

बहिरूनं ते मोडकं कुंपण पायानं उडवलं, भुसा मूठभर उचलला आणि चहाच्या ट्रेमध्येच टाकला. "ह्यो माजा हात? ह्यो? तुमचे ते पोल ऱ्हाऊ द्या वाटंत. उद्या माजं लाकूड आनतो. पैसा नको, च्या बी नको. वीस वर्षांत एक खांब हलला तर बहिरू नाव सांगनार न्हाई!"

दुसऱ्या दिवशी थोरला लेक मच्छिंद्र टेम्पो घेऊन आला. छपरात उभे सव्वीस खांब बघून तो थबकला. "आबा, ह्ये तर आईचं हायत. इचारलं का तिला?"

"तिला दुसरं करून देईन! दोन-तीन वर्साचं तर काम. उचल!"

मच्छिंद्रनं उचललं. बापापुढं बोलायची त्या घरात पद्धत नव्हती.

दोन दिवसांत बहिरूनं चांगदेवशेठच्या बागेत सव्वीस खांब असे रोवले की ओळंबा लावून बघावा. दोन-दोन फूट खोल खड्डा, तळाशी खडी, पाणी निचरायला. सिमेंट नाही, नुसता मुरूम, आणि चार-चार बोटांच्या थरानं पहारीच्या मागच्या टोकानं ठोकून ठोकून घट्ट. मग एकेक खांबाला खांदा देऊन ढकलून बघायला लावलं पावण्यांना. हलला नाही. बहिरू घरी आला आणि पोटभर जेवला.

त्यानंतर चौथ्या दिवशी सुंदरा आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी ती छपराकडं गेली. बारशात मिळालेलं लुगडं दाखवायला नाही, पाणी प्यायला नाही, आधी छपराकडं. तिथं दगड होते फक्त.

"कुटं गेलं?"

बहिरूनं सांगितलं. सांगताना आवाज चढवला, कारण आवाज चढवल्याशिवाय ते सांगता येण्यासारखं नव्हतंच. चार माणसांत माझी अब्रू गेली, माझ्या हाताला नाव ठेवलं, मी काय गप बसायचं होतं का, मी शब्द दिला, शब्द!

सुंदरानं ऐकून घेतलं. मग पदर खोचला. "आन् मला काय दिलं व्हतं? चिंचुका?"

"आगं पर तुला करून..."

"गप बसा!" बहिरू गप बसला, कारण ही चाल त्यानं कधी ऐकलीच नव्हती. "बावीस वर्सं मी तुमच्या मागनं हिंडले. सांजच्याला तळ पडला की मेखा ठोकायच्या कुनी? मी. दिस उगवायच्या आत त्याच मेखा उपटायच्या कुनी? मी. तुमी मेंढरं घेऊन म्होरं. मच्छिंद्र झाला त्याच्या तिसऱ्या दिशी, पोटाला फडकं बांधून, मी सगळ्या मेखा उपटून घोड्यावर लादल्या. तुमी एक उपटलीया कंदी? एक? सांगा की! मला कुंपान डुकरासाटी नको व्हतं. मला येक लाकूड पायजे व्हतं ठोकलेलं, जे सकाळी उटून मला उपटाया लागनार न्हाई. एवढंच पायजे व्हतं. ते तुमी नेऊन त्या शेटच्या गुलाबाला घातलं!"

असं म्हणून ती चुलीकडं गेली, आणि भाकरी थापताना असा आवाज करत राहिली की बाहेर निजलेलं कुत्रंसुद्धा उठून लांब बसलं.

बहिरूला राग आला. भयंकर आला. पण तो कुणाचा येतोय ते सापडेना. चांगदेवशेठचा म्हणावा, तर शेठनं काही छपरात येऊन खांब नेले नव्हते. बायकोचा म्हणावा, तर ती बोलली त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. त्यानं आठवून आठवून बघितलं, आपण कधीतरी, एखाद्या पावसात, ती आजारी असताना, एखादी मेख उपटली असेलच की. नव्हती उपटली. बाप्याचं काम नव्हे ते, असं जानकू सांगायचा, आणि ह्यानं ते मोडलं नव्हतं. स्वतःवर ओरडायची सवय नसल्यानं तो माणूस जागच्या जागी धुमसत राहिला.

सकाळी त्यानं मच्छिंद्रला फोन करून टेम्पो मागवला. पहार टाकली, खोरं टाकलं. सुंदरा मागं चढून बसली.

"तू कशाला?"

"बगायला," ती म्हणाली.

चांगदेवशेठ घरी नव्हते, द्राक्षबागेवर गेले होते. बहिरूनं बंगल्यातल्या माणसाला कारण सांगितलं नाही. सरळ पहिल्या खांबापाशी गेला आणि खणायला लागला. आणि खणेना! मुरूम दगडासारखा बसलेला. पहार आपटली की हाताला झिणझिण्या. ज्या हातानं ठोकलं त्याच हातानं उकरायचं, आणि ठोकलेलं कसं? तर बहिरूनं ठोकलेलं. "कुनी एवढं घट्ट केलं रं ह्ये, रांडच्यानं!" तो ओरडला, आणि मच्छिंद्रनं तोंड फिरवलं. तासाभरात तीन खांब निघाले. तळव्याला फोड आले, फुटले. सुंदरा बांधावर हाताची घडी घालून बसली होती. मच्छिंद्र पुढं झाला तेव्हा तिनं त्याला हातानंच मागं बसवलं. "त्यांचं त्यांला करू दे."

चौथ्या खांबाला चांगदेवशेठ आले. बरोबर तीच चहावाली मंडळी, सगळी नाही तरी पाच-सहा. शेठ आधी बघतच राहिले, मग त्यांना हसू आवरेना.

"हे काय नाना! वीस वर्षं म्हणाला होता, आठवडा नाय झाला! काय, वाळवी लागली का?"

बहिरू खणत राहिला.

"न्या न्या, तुमचा माल आहे. पैसा घेतला नाय, मी अडवणारा कोण? सिमेंटवाल्याला आत्ता फोन लावतो. पण ह्या मंडळींसमोर एकदा सांगून जा की. लाकूड सडतं, कबूल?"

बहिरूनं पहार थांबवली. मच्छिंद्र टेम्पोजवळून दोन पावलं पुढं आला, कारण आता काय होणार ते त्याला ठाऊक होतं. बापाच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या त्याला लांबूनही दिसत होत्या. बहिरूनं तोंड उघडलं. बायकोसाठी नेतोय, हे सांगितलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण मग हे लोक तिच्याकडं बघून हसले असते, आणि सुंदराच्या दारचं कुंपण हा आळेफाट्यावरच्या चहाबरोबरचा विनोद झाला असता. जानकूनं नाकाशी धरलेली ती मेख, तो वास, एवढ्या वर्षांची बोंबाबोंब, सगळं त्याच्या घशाशी आलं. त्यानं ते गिळलं.

"कबूल," बहिरू म्हणाला. आणि पुन्हा खणायला लागला.

मंडळीतलं कुणीही हसलं नाही. त्या माणसाच्या तोंडून असा शब्द कधी कुणी ऐकलेला नव्हता.

सुंदरा बांधावरून उठली. कालपासून जो राग तिनं नवऱ्यासाठी धरून ठेवला होता तो तसाच्या तसा घेऊन ती चांगदेवशेठपुढं जाऊन उभी राहिली.

"काय वो शेट? कुनाचं सडतंय? ते आदीचं पांडरं कुंपान कुनी घातलं व्हतं, ते सांगा की ह्या पावन्यांस्नी! त्ये सांगाया लाज वाटती, आन् म्हाताऱ्या मानसाकडनं कबूल करून घ्यायला लाज न्हाई वाटत? आन् सडलं तर सडू दे. आमच्या दारात सडू दे. तुमचं काय जातंय?"

शेठ काहीतरी म्हणाले, ते ऐकायला ती थांबली नाही. बहिरूपाशी आली, त्याच्या हातातली पहार काढून घेतली, आणि त्याचे तळवे बघून आणखी भडकली.

"सरका तिकडं! मेख अशी उपटत्यात व्हय? पानी आना आदी. कोरड्या मातीतनं लाकूड सुटत न्हाई, एवढं बी ठावं न्हाई, आन् निगालंय उपटाया!"

बहिरू बादली घेऊन नळाकडं गेला.